जर्मनीत शहर बदलताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

जर्मनीत पाच-सहा वर्षं काढलेली माणसंही दुसऱ्या शहरात जाताना अडखळतात. भारतातून इथे आलो तेव्हा बहुतेकांचं काम कंपनीने किंवा कंपनीने नेमलेल्या एजंटने केलेलं असतं: तात्पुरतं घर, नोंदणीची अपॉइंटमेंट, परवान्याचा अर्ज, बँक. म्युनिकहून हॅम्बुर्गला किंवा श्टुटगार्टहून बर्लिनला जाताना तो एजंट सोबत नसतो. मग लोक जमेल तसं, सुचेल त्या क्रमाने कामं उरकतात आणि तिथेच पैसे आणि महिने वाया जातात.

नुकसान बहुतेक वेळा कागद नसल्यामुळे होत नाही. कागद असतो, पण चुकीच्या वेळी केलेला. म्हणून या लेखात सगळा भर क्रमावर आहे: आधी राहण्याचा परवाना, मग नोकरीचा करार, मग मुलांची सोय, मग नवं घर, त्यानंतरच जुन्या घराची नोटीस, मग सामान, आणि राहायला गेल्यावर आनमेल्डुंग, म्हणजे नव्या पत्त्याची सरकारी नोंदणी. निघण्याच्या पाच-सहा महिने आधी सुरुवात करता आली तर उत्तम. तीन महिन्यांतही जमतं, पण मग दोन घरांचं भाडं भरायची तयारी ठेवावी लागते.

## टप्पा १: जायचं की नाही, हे कागदावर ठरवा

नवा पगार आणि जुना पगार शेजारी ठेवून निर्णय घेऊ नका. दोन्ही शहरांत हातात येणारा पगार लिहा आणि त्यातून वार्ममीटे वजा करा, म्हणजे गरम पाणी-हीटिंग आणि इमारतीच्या खर्चासकट पूर्ण भाडं. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते ती काल्टमीटे, त्यात हे खर्च धरलेले नसतात. वीज आणि इंटरनेट तर बहुतेक वेळा वार्ममीटेतही नसतात. तुमचं आत्ताचं भाडं पाच वर्षांपूर्वीच्या कराराचं आहे, नवं भाडं आजच्या बाजाराचं असेल, हे विसरू नका. त्याच आकाराचं घर घेतलं तरी फरक मोठा पडतो, म्युनिकमध्ये तर नक्कीच.

जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा आणि परवान्याचे चालू अर्ज हे तीन विषय पगाराइतकेच वजनदार आहेत. माझ्या मते यांपैकी एक जरी अधांतरी असेल, तर आधी एकाने जाऊन काही महिने राहावं आणि कुटुंबाने नंतर यावं. नोकरीमुळे दुसऱ्या शहरात वेगळी खोली घ्यावी लागली आणि मूळ घर चालूच असेल, तर दुसऱ्या घराचा खर्च महिन्याला १,००० युरोंपर्यंत करातून वजा मागता येतो. त्यासाठी मूळ घराच्या खर्चात तुमचा वाटा असावा लागतो. मात्र अनेक शहरं दुसऱ्या घरावर वेगळा स्थानिक कर लावतात, तो आधी विचारून घ्या.

तपासा: शहराच्या हद्दीबाहेरचं स्वस्त गाव निवडत असाल तर तुमचं सरकारी कार्यालय बदलतं. म्युनिक शहरात राहणाऱ्याचं काम शहराच्या कार्यालयात होतं, शेजारच्या जिल्ह्यात राहणाऱ्याचं जिल्हा कार्यालयात. पॉट्सडाम बर्लिनला खेटून असलं तरी ते ब्रांडेनबुर्ग राज्यात आहे, म्हणून किटाचे, म्हणजे पाळणाघर-बालवाडीचे, नियम आणि फीही वेगळी. घराचा पत्ता बघतानाच तो कोणत्या कार्यालयाखाली येतो ते पाहून ठेवा.

## टप्पा २: परवाना वाचा, सही नंतर

नवीन नोकरीच्या करारावर सही करण्याआधी आपलं राहण्याचं कार्ड आणि त्याच्यासोबतचं हिरवं घडीचं पान बाहेर काढा. त्या पानाला त्सुझात्सब्लाट म्हणतात. कार्ड सगळे जपतात, हे पान फाइलमध्ये राहून जातं आणि खऱ्या अटी त्याच्यावरच असतात. तुम्हाला कोणत्या कंपनीत, कोणत्या कामासाठी परवानगी आहे, राहण्याच्या जागेवर काही बंधन आहे का, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं.

परवान्यानुसार पुढचं काम असं ठरतं:

१. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित, चांगल्या पगाराच्या परदेशी कर्मचाऱ्यांचा परवाना), नोकरीचं पहिलं वर्ष: पहिल्या १२ महिन्यांत कंपनी बदलत असाल तर आउसलेंडरबेहोर्डेला, म्हणजे परदेशी नागरिकांच्या परवान्यांच्या कार्यालयाला, कळवा. ते हा बदल ३० दिवस थांबवून ठेवू शकतात आणि अटी पूर्ण होत नसतील तर नाकारू शकतात. म्हणून नव्या कंपनीत रुजू होण्याची तारीख ठरवताना हे दिवस धरा.

२. ब्लू कार्ड, एक वर्षानंतर: आधी परवानगी लागत नाही. पण किमान पगाराची अट तुमचा पाठलाग सोडत नाही. ही रक्कम देशभर एकच असते आणि दर वर्षी बदलते. स्वस्त शहरात जाताना पगार थोडा कमी घेणारे लोक इथेच अडकतात. खर्च कमी आहे म्हणून अट कमी होत नाही.

३. पदवीधर किंवा प्रशिक्षित कामगाराचा साधा परवाना: त्सुझात्सब्लाटवर कंपनीचं नाव असेल तर नवी नोकरी सुरू होण्याआधी ते बदलून घ्यावं लागतं. आधी रुजू आणि मग कागद, असं केलंत तर ते बेकायदा काम ठरू शकतं.

४. कायमचा परवाना: नोकरी आणि शहर दोन्ही मोकळं. तुम्ही सरळ टप्पा ३ वर जा.

जोडीदार कुटुंब परवान्यावर असेल तर त्याला किंवा तिला काम करण्याची मोकळीक असते, पण कार्डावर तसं लिहिलेलं आहे ना, ते एकदा बघा.

आता चालू अर्जांबद्दल. तुम्ही राहायला गेलात की नव्या शहराची आउसलेंडरबेहोर्डे तुमच्यासाठी जबाबदार होते आणि जुन्या शहरातून तुमची फाइल तिकडे पाठवली जाते. हा प्रवास कधीकधी महिनोन्‌महिने चालतो, आणि फाइल पोचेपर्यंत नवं कार्यालय फारसं काही करत नाही. ब्लू कार्डवाल्यांना कायमचा परवाना २७ महिन्यांनी मिळू शकतो, बी १ पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांनी. हा मुक्काम दोन-तीन महिन्यांवर आला असेल, तर माझा सल्ला सरळ आहे: जुन्या शहरात अर्ज करा, कार्ड हातात घ्या आणि मग निघा. नागरिकत्वाचा अर्ज टाकून बसलेल्यांनीही हाच विचार करावा. कार्डाची मुदत निघण्याच्या आसपास संपत असेल तर नूतनीकरणही आधीच करून घ्या.

सावधान: जुनी नोकरी परवान्यातल्या मुदतीआधी संपत असेल तर ते कळल्यापासून दोन आठवड्यांत आउसलेंडरबेहोर्डेला कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. कंपनी कळवेल, असं गृहीत धरू नका. ईमेल पाठवा आणि जपून ठेवा.

भारतीय पासपोर्टही इथेच बघून घ्या. बर्लिनचा दूतावास आणि फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग, म्युनिक इथले वाणिज्य दूतावास, यांच्यात राज्यं वाटलेली आहेत आणि पत्त्याचा पुरावा लागतो. पासपोर्ट वर्षभरात संपत असेल तर एक तर जुन्या पत्त्यावर नूतनीकरण पूर्ण करा, नाहीतर नव्या पत्त्याची नोंदणी झाल्यावर सुरू करा. अर्ज एका पत्त्यावर आणि माणूस दुसऱ्या पत्त्यावर, हा गोंधळ निस्तरायला फार वेळ जातो.

## टप्पा ३: नोकरीच्या करारात चार गोष्टी लिहून घ्या

तोंडी आश्वासनाला इथे काहीच किंमत नसते, म्हणून चार गोष्टी लेखी हव्यात. कामाचं ठिकाण कोणतं. घरून काम किती दिवस. हलण्याचा खर्च कंपनी देणार का आणि दिला तर लवकर नोकरी सोडल्यावर परत मागणार का. आणि चौथी, प्रोबेत्साइट किती. हा चाचणीचा काळ कायद्याने जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो आणि त्या काळात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी संपवता येते.

ही चौथी गोष्ट घराच्या निर्णयाला थेट जोडलेली आहे. प्रोबेत्साइटमध्ये असलेल्या माणसाला नवे घरमालक सहसा मागे टाकतात. त्यामुळे शक्य असेल तर जुन्या नोकरीच्या पगारपत्रकांवर, नव्या करारासोबत, घर शोधा. तुमच्याच कंपनीच्या दुसऱ्या शाखेत बदली होत असेल तर तुम्ही नशीबवान आहात, कारण पगारपत्रकं सलग राहतात.

## टप्पा ४: मुलं असतील तर शाळा आणि किटा घराच्या आधी

हा टप्पा लोक घर मिळाल्यावर करतात. उलट करा.

शिक्षण हा जर्मनीत राज्याचा विषय आहे, त्यामुळे राज्य बदललं की नियम बदलतात. बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीपर्यंत. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, गिम्नाझियमला (विद्यापीठाच्या वाटेवरच्या माध्यमिक शाळेला) जायचं तर चौथीत जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली, म्हणजे त्याहून कमी आकड्याची, लागते. म्हणजे बर्लिनमध्ये निवांत पाचवीत शिकणारं मूल बायर्नमध्ये गेलं, तर त्याची वर्गमित्रं आधीच वेगवेगळ्या शाळांत वाटली गेलेली असतात. उलट दिशेनं, म्युनिकच्या गिम्नाझियममध्ये पाचवीत असलेल्या मुलाला बर्लिनमध्ये पाचवीपासून सुरू होणारी मोजकी गिम्नाझियमंच शोधावी लागतात. तिसरी ते सहावीतलं मूल असेल तर नव्या राज्यातल्या शाळेशी आधी बोला. वर्षाच्या मध्येच हलावं लागणार असेल तर अर्धवार्षिक निकालानंतर हलणं मुलांना सोपं जातं. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तारखाही राज्यागणिक वेगळ्या असतात, तिकिटं काढण्याआधी दोन्ही राज्यांच्या तारखा पाहा.

किटाचं दुखणं वेगळं आहे. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे, पण हक्क असला म्हणून जागा लगेच मिळत नाही. नव्या शहराच्या नोंदणी व्यवस्थेत शक्य तितक्या लवकर नाव घाला. बर्लिन आणि हॅम्बुर्गमध्ये किटासाठी गुटशाइन (सरकारी व्हाउचर) लागतं, ते वेगळं मागवावं लागतं. जुन्या किटाच्या कराराची नोटीस मुदतही बघा, ती घराच्या नोटिशीपेक्षा वेगळी असते.

जागा मिळाली तरी पहिल्या दिवशी मूल दिवसभर सोडता येत नाही. आइनगेव्योनुंग, म्हणजे मुलाला हळूहळू रुळवण्याचा काळ, काही आठवडे चालतो आणि आई किंवा बाबांपैकी एकाला रोज सोबत थांबावं लागतं. ज्या आठवड्यात तुम्ही नव्या ऑफिसात रुजू होणार, त्याच आठवड्यात ही सुरुवात ठेवू नका. शिवाय गोवराच्या लसीचा पुरावा किटा आणि शाळा दोन्हीकडे लागतो. भारतातलं लसीकरणाचं कार्ड असेल तर बालरोगतज्ज्ञाकडून त्याची नोंद जर्मन लसपुस्तिकेत करून घ्या, आणि हे जुन्या शहरातल्या ओळखीच्या डॉक्टरकडेच करा.

## टप्पा ५: नवं घर

एकच पीडीएफ तयार ठेवा. त्यात शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रकं, नोकरीचा करार, शुफा या पत तपासणाऱ्या संस्थेचा दाखला, ओळखपत्र आणि स्वतःबद्दल चार ओळी. घर बघून झाल्यावर त्याच संध्याकाळी पाठवता आली पाहिजे, दुसऱ्या दिवशी उशीर झालेला असतो. शुफाकडून आपल्या माहितीची मोफत प्रत मागवता येते, पण ती टपालाने येते आणि तिच्यात घरमालकाला नको इतकी माहिती असते. ती स्वतः वाचायला ठेवा, चूक असेल तर दुरुस्त करून घ्या, आणि घरमालकासाठी वेगळा छोटा दाखला काढा. भाडं थकलेलं नाही असं जुन्या घरमालकाचं पत्र मिळालं तर उत्तम, पण ते देणं त्याच्यावर बंधनकारक नाही. नाही मिळालं तर भाडं भरल्याची बँक स्टेटमेंट जोडा.

लांबून घर शोधणाऱ्यांसाठी माझा ठाम सल्ला आहे की पहिले तीन ते सहा महिने फर्निचर असलेलं तात्पुरतं घर घ्या आणि कायमचं घर तिथे राहून शोधा. महाग पडतं, पण न बघता घेतलेल्या घरात दोन वर्षं अडकण्यापेक्षा ते स्वस्तच.

सावधान: तात्पुरतं घर घेताना पहिला प्रश्न एकच विचारा: या पत्त्यावर आनमेल्डुंग करता येईल का, आणि त्याचं पत्र लेखी द्याल का? नाही म्हटलं तर ते घर सोडा, कितीही स्वस्त असो. नोंदणी नाही तर पुढचं एकही काम सरकत नाही.

फसवणुकीची खूण ओळखायला सोपी आहे. मालक परदेशात आहे, किल्ली कुरियरने येईल, आधी डिपॉझिट पाठवा. घर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय एक युरोसुद्धा पाठवायचा नाही. स्वतः जाता येत नसेल तर त्या शहरातल्या ओळखीच्या माणसाला पाठवा. अशा वेळी आपल्या लोकांचे गट खरोखर उपयोगी पडतात, लाजू नका, विचारा.

करार वाचताना या गोष्टींवर बोट ठेवून थांबा:

- डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ते तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा तुम्हाला हक्क आहे.
- भाड्याच्या घराच्या दलालाची फी ज्याने त्याला नेमलं त्याने द्यायची. जाहिरातीतलं घर मालकाचा दलाल दाखवत असेल तर ती तुमच्याकडून मागता येत नाही.
- ठरावीक काळ नोटीस न देण्याचं कलम आहे का? ते वैध असू शकतं. प्रोबेत्साइटमध्ये असाल तर अशा करारावर सही करू नका.
- स्वयंपाकघर घरासोबत मिळणार का? अनेक घरं ओटा-सिंकशिवाय मिळतात. आधीच्या भाडेकरूचं सामान विकत घेत असाल तर वस्तूंची यादी आणि रक्कम लिहून घ्या.

## टप्पा ६: जुन्या घराची नोटीस, आणि ती नव्या घराच्या सहीनंतरच

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

नोकरीची ऑफर आली की पहिल्या उत्साहात लोक घराची नोटीस देऊन टाकतात. एकदा पोचलेली नोटीस तुमच्या एकट्याच्या इच्छेने मागे घेता येत नाही. नवं घर मिळालं नाही किंवा परवाना अडकला तरी तारीख आली की घर रिकामं करावं लागतं. एक-दोन महिन्यांचं दुहेरी भाडं टोचतं हे मान्य आहे. पण बेघर होऊन मुलांसकट हॉटेलात राहणं त्याहून महाग आणि त्याहून वाईट.

बेमुदत करारात भाडेकरूची नोटीस तीन महिन्यांची असते. ती महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत घरमालकाला *मिळाली* तर तो महिना धरला जातो. म्हणजे मार्चच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत मिळाली तर करार ३१ मे रोजी संपतो, एक दिवस चुकलात तर ३० जून. पोस्टात टाकल्याची तारीख मोजत नाहीत. त्यामुळे शेवटच्या दिवसावर विसंबू नका, आधीच्या महिन्याच्या अखेरीस ती पोचवा.

१. नोटीस कागदावर हवी आणि खाली पेनाने केलेली सही हवी. ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, सही स्कॅन केलेली पीडीएफ, यांपैकी काहीही चालत नाही, घरमालक कितीही प्रेमळ असला तरी.

२. करारावर नवरा-बायको दोघांची नावं असतील तर दोघांच्या सह्या हव्यात. एकाचीच सही असलेली नोटीस अवैध ठरते.

३. शक्य असेल तर स्वतः हातात द्या आणि प्रतीवर मिळाल्याची तारीख-सही घ्या. नाहीतर साक्षीदाराला पत्र वाचायला देऊन त्याच्यासमोर पेटीत टाका.

४. करार ठरावीक मुदतीचा असेल तर मुदतीआधी साधी नोटीस चालत नाही. घरमालकाशी बोलून लेखी समझोता करावा लागतो.

आपल्या लोकांत एक समज पक्का रुजलाय की तीन नवे भाडेकरू आणून दिले की आपण मोकळे. असा नियम नाही. करारात नाखमीटरचं, म्हणजे तुमच्या जागी येणाऱ्या भाडेकरूचं, कलम असेल तरच हक्क मिळतो, किंवा अपवादाच्या परिस्थितीत. मात्र विनंती जरूर करा. चांगला, पगारदार नाखमीटर समोर आणून उभा केला तर बरेच मालक आधी सोडायला तयार होतात. तयार झाले की तारीख घालून दोघांच्या सह्यांचा कागद करा.

दुसरा मार्ग म्हणजे प्रोबेत्साइट संपेपर्यंत जुनं घर ठेवून ते पोटभाड्याने देणं. त्यासाठी घरमालकाची परवानगी आधी लागते. परवानगीशिवाय दिलंत तर तो करारच संपवू शकतो.

तपासा: नव्या करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत? परवान्याचा प्रश्न सुटलाय? दोन्हीची उत्तरं हो असतील तरच नोटीस टाका.

## टप्पा ७: वीज, इंटरनेट, टपाल

विजेबाबत जुने सल्ले आता चुकीचे आहेत. पूर्वी राहायला गेल्यावर काही आठवड्यांनी, मागच्या तारखेपासून नोंदणी करता यायची. जून २०२५ पासून ती सोय बंद झाली. त्यामुळे जुन्या घराची वीज बंद करणं आणि नव्या घराची सुरू करणं, दोन्ही राहायला जायच्या आधी कळवा. नाहीतर जुन्या घरात नवा भाडेकरू वापरेल ती वीज तुमच्या नावावर पडू शकते आणि नव्या घरात तुम्ही आपोआप मूळ पुरवठादाराच्या, बहुतेक वेळा महाग, दरात जाता. नव्या घराच्या मीटरचा नंबर आधीच मागून घ्या.

इंटरनेटची कंपनी नव्या पत्त्यावर तीच सेवा देऊ शकत असेल तर करार पुढे चालतो. देऊ शकत नसेल तर एका महिन्याच्या नोटिशीवर करार संपवता येतो. नवी जोडणी यायला वेळ लागतो, घरून काम असेल तर तेवढ्या दिवसांचा मोबाइल डेटा धरून ठेवा.

टपाल खात्याकडे पत्रं नव्या पत्त्यावर वळवण्याची सशुल्क सोय आहे, ती दोन आठवडे आधी सुरू करा. पण त्यावर पूर्ण विसंबू नका. काही पत्रांवर ‘पुढे पाठवू नये’ असा शेरा असतो, बँकेची कार्डं त्यातलीच, आणि ती परत जातात. बँक, आरोग्य विमा, कंपनी, विमा कंपन्या आणि बालभत्ता देणाऱ्या फामिलिएनकासेला स्वतः कळवा.

## टप्पा ८: सामान हलवण्याचा दिवस

ट्रक घरासमोर लावायला जागा राखायची असेल तर शहराच्या वाहतूक कार्यालयाकडून हाल्टेफरबोटची (तात्पुरत्या नो-पार्किंगची) परवानगी निदान दोन आठवडे आधी मागा. पाट्या काही दिवस आधी लावाव्या लागतात. लावताना तिथे उभ्या असलेल्या गाड्यांचे नंबर लिहून ठेवा, म्हणजे त्या दिवशी कुणी गाडी लावली तर ती हटवायला सांगता येते.

सामान हलवणाऱ्या कंपनीची कायद्याने जबाबदारी सामानाच्या दर घनमीटरमागे ६२० युरोंपर्यंत असते. त्याहून मौल्यवान सामान असेल तर वेगळा विमा घ्या. पासपोर्ट, परवान्याची कार्डं, दागिने, डिग्रीची मूळ प्रमाणपत्रं ट्रकमध्ये जाता कामा नयेत.

सावधान: दिसणारं नुकसान दुसऱ्या दिवसापर्यंत आणि खोक्यात लपलेलं नुकसान १४ दिवसांच्या आत कंपनीला लेखी कळवावं लागतं. खोकी महिनाभर तशीच पडून राहतात आणि हक्क संपतो. काचेची आणि इलेक्ट्रॉनिक सामानाची खोकी पहिल्या आठवड्यात उघडा.

## टप्पा ९: जुन्या घराचा ताबा

ताबा दिवसाउजेडी द्या आणि युबरगाबेप्रोटोकोल करा, म्हणजे खोलीवार स्थितीची नोंद, मीटरची वाचनं, किल्ल्यांची संख्या, दोघांच्या सह्या. तळघराची आणि टपालपेटीची किल्लीही मोजा. रिकाम्या घराचे आणि मीटरचे फोटो घ्या.

रंगकाम करायचंच, असं समजून लोक आधीच शेकडो युरो खर्च करतात. थांबा. ठरावीक वर्षांनी रंग द्यायलाच हवा अशी ताठर कलमं आणि रंग न दिलेलं घर मोबदल्याशिवाय ताब्यात मिळालं असताना रंगकाम भाडेकरूवर टाकणारी कलमं जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने अवैध ठरवली आहेत. करार घेऊन मीटरफेराइन या भाडेकरू संघटनेकडे जा, वर्षाची वर्गणी या एका प्रश्नात वसूल होते. खिळ्यांची भोकं बुजवणं आणि भडक रंगवलेली भिंत साध्या रंगात परत आणणं मात्र तुमच्याकडे येतं.

सावधान: प्रोटोकोलवर ‘भाडेकरू रंग देईल’ अशी ओळ असेल तर सही करू नका. कायद्याने द्यावा लागत नसलेला रंगही त्या सहीमुळे गळ्यात पडू शकतो. घरमालक हट्ट करत असेल तर सही न करता फोटो आणि साक्षीदार घेऊन निघा.

## टप्पा १०: आनमेल्डुंग आणि तिच्यामागची कामं

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची. राहायला जाण्याआधी करता येत नाही, पण अपॉइंटमेंट आधी घेता येते आणि घ्यावीच. बर्लिनमध्ये शहरातल्या कोणत्याही ब्युर्गरआम्टमध्ये (नागरिक सेवा कार्यालयात) चालतं, जवळचंच हवं असा हट्ट नको. तारीख उशिराची मिळाली तर बुकिंगचा पुरावा ठेवा. मुद्दाम टाळलं तर १,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. जर्मनीतल्या जर्मनीत जाताना जुन्या शहरात नाव कमी करायला वेगळं जावं लागत नाही.

सोबत न्यायचं: सगळ्यांचे पासपोर्ट, सगळ्यांची राहण्याची कार्डं, विवाह आणि जन्माचे दाखले, आणि वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे तुम्ही राहायला आलात असं घरमालकाने सही करून दिलेलं पत्र. भाडेकरार त्याऐवजी चालत नाही, लोक करार घेऊन जातात आणि परत येतात. हे पत्र किल्ली घेतानाच मागा. कार्डांवरचा पत्ता काही शहरांत तिथेच बदलतात, काहींत आउसलेंडरबेहोर्डेकडे जावं लागतं, खिडकीवरच विचारून घ्या.

त्याच दिवशी टपालपेटीवर आणि दारावरच्या घंटीवर नावं लावा. घरातल्या *प्रत्येकाचं* आडनाव लावा. आपल्याकडे बायकोचं आडनाव वेगळं असतं, कधी मुलाच्या पासपोर्टवर नाव वेगळ्या क्रमाने असतं. पेटीवर नाव दिसलं नाही तर पोस्टमन पत्र परत नेतो, मग ते आउसलेंडरबेहोर्डेचं का असेना.

मग उरलेली कामं:

- कर: ११ अंकी श्टॉयर-आयडी (वैयक्तिक कर ओळख क्रमांक) आयुष्यभर तोच राहतो. फिनान्त्सआम्टचा, म्हणजे कर कार्यालयाचा, श्टॉयरनुमर (फाइल क्रमांक) नव्या कार्यालयाचा मिळतो. विवरणपत्र नव्या शहराच्या कार्यालयात भरायचं.
- रुंडफुंकबाइट्राग (सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी): नवं खातं उघडू नका, जुन्या खात्यात पत्ता बदला. ही वर्गणी घरामागे एकच असते. जोडीदारासोबत एका घरात आलात तर एक खातं बंद करा.
- गाडी: नोंदणीतला पत्ता लगेच बदलावा लागतो. जुनी नंबर प्लेट २०१५ पासून देशभर ठेवता येते. विम्याचा हप्ता मात्र शहराप्रमाणे बदलतो.
- आरोग्य विमा: देशभराच्या कंपनीला फक्त पत्ता कळवा. एओके ही विमा संस्था प्रत्येक प्रदेशाची वेगळी आहे, तिथे पुढची सोय विचारून घ्या. नियमित औषधं चालू असतील तर जुन्या डॉक्टरकडून अहवाल आणि पुरेशी चिठ्ठी घेऊनच निघा.

## टप्पा ११: पुढच्या वर्षभराची कामं

नोकरीमुळे हलला असाल, किंवा ऑफिसला जाण्या-येण्याचा वेळ दिवसाला निदान एक तासाने कमी झाला असेल, तर हलण्याचा खर्च करात दाखवता येतो: ट्रक, घर बघायला केलेला प्रवास, ठरावीक काळाचं दुहेरी भाडं, आणि किरकोळ खर्चासाठी ठरलेली एकरकमी सूट. कंपनीने करमुक्त भरून दिलेला भाग पुन्हा दाखवता येत नाही. पावत्या एका फोल्डरमध्ये त्याच आठवड्यात टाका.

डिपॉझिट परत द्यायला कायद्यात नेमकी मुदत नाही. तीन ते सहा महिने लागणं नेहमीचं आहे. घर सोडताना घरमालकाला नवा पत्ता आणि खाते क्रमांक लेखी द्या, सहा महिने झाले की तारीख घालून मागणीचं पत्र पाठवा. नेबेनकोस्टेनचा, म्हणजे हीटिंग-पाणी आणि इमारतीच्या खर्चाचा, हिशेब बाकी असेल तर तो एक वाजवी भाग अडवून ठेवू शकतो, पूर्ण रक्कम नाही.

हा हिशेब उशिरा येतो. हिशेबाचं वर्ष संपल्यावर घरमालकाकडे १२ महिने असतात. मार्च २०२६ मध्ये घर सोडलं आणि हिशेब कॅलेंडर वर्षाचा असेल, तर २०२६ चं बिल ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत येऊ शकतं. त्यानंतर आलं तर सहसा त्याला जादा पैसे मागता येत नाहीत. वेळेत आलं आणि आकडा खटकला तर मिळाल्यापासून १२ महिन्यांत हरकत घ्यायची. तोपर्यंत प्रोटोकोल, मीटरचे फोटो आणि जुना करार फाइलमधून काढू नका.